आडवी मोटारसायकल

मी बांधलेलं ओझं आजवर सुटलेलं नाही. ही फुशारकी नाही, किन्हीराजातल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा. एकदा माझी कडब्याची गाडी नाल्यात उलटली, चाकं आभाळाकडं झाली, पण कडब्याची एक पेंढी जागची हलली नाही. गाडी सरळ केली आणि तसाच घरी गेलो. एका लग्नात नवरीचा पलंग आणि गादी मी बांधून दिली होती. ती सोडवायला सासरच्यांना तीन दिवस लागले. तोवर नवरा-नवरी सतरंजीवर झोपली. पण संसार चांगला झाला त्यांचा, आता नातवंडं आहेत.

तर असा मी, जानराव. मालेगावच्या पन्नालाल शेठकडं वीस वर्षं गाडीवान होतो. शेठचं धान्याचं दुकान मालेगावात आणि शेती आमच्या किन्हीराजात. शेतातला माल दुकानात, दुकानातलं सामान शेतात, आणि शेठच्या घरच्या बायका देवाला, असं सगळं माझ्या छकड्यातून चालायचं. खैऱ्या आणि सारजा अशी बैलजोडी होती. पोराबाळांपेक्षा जास्त मी त्यांच्याशी बोललो असेन.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. शेठनं अकोल्याहून लिलावातली एक जुनी बस आणली. आम्हाला वाटलं, शेठ आता प्रवासी वाहतूक करणार. पण शेठनं बसमधली बाकडी काढून टाकली. दोन पलंग बसवले. एका कोपऱ्यात ओटा, त्यावर स्टोव्ह, वर पाण्याची टाकी. खिडक्यांना गुलाबी फुलांचे पडदे. सगळा मालेगाव पाहायला लोटला. लोक म्हणू लागले, घरगाडी.

कारण शेठची आई. अंगुरीबाई. आम्ही सगळे त्यांना दादीजी म्हणायचो. वय ऐंशीच्या घरात, अंगानं चिमणीएवढी, आणि घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी पाणी पीत नव्हतं. हे खरंच सांगतो, पाणीसुद्धा गाळून, उकळून, त्यांना विचारून. दादीजींना मोठ्या यात्रेला जायचं होतं. पण त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत, कांदा-बटाटा नाही, बाहेरचं काही नाही. हॉटेलात जेवणार नाहीत, धर्मशाळेचं पाणी चालणार नाही. मग शेठनं ठरवलं की घरच चाकांवर घालायचं.

गाडीच्या मागं एक अजब गोष्ट होती. शेठचा मुलगा कैलासचंद, त्याची राजदूत मोटारसायकल होती. त्याचं म्हणणं असं की घरगाडी मोठी, ती खेड्याच्या बोळात शिरणार नाही. मोटारसायकल मागं घेतली की कुठंही गाडी उभी करायची, मोटारसायकल उतरवायची, पुढं जाऊन दूध बघायचं, चांगली विहीर बघायची. मालेगावच्या फिटरनं घरगाडीच्या पाठीला एक लोखंडी फळी बसवली होती. फळी जमिनीला टेकवायची, मोटारसायकल तिच्यावर आडवी चढवायची, आणि बाजूचं हँडल फिरवलं की साखळी कुरकुर करत फळी कमरेएवढी वर यायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, विहिरीतून बादली काढतात तशी ही मोटारसायकल काढून राहिले.

आता मुद्द्याचं. घरगाडी आली म्हणजे छकडं गेलं. शेठनं मला दुकानात बोलावलं आणि सरळ सांगितलं की बैलजोडी रिसोडच्या बाजारात विकायची ठरली आहे. देवला नावाचा आमचा गडी ती घेऊन जाणार होता. शेठ वाईट माणूस नव्हता, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "यात्रेत सामान बांधायले, उतरवायले एक माणूस लागते. मंगळवारी आपण गाडी रिसोडपावतर चालवून पाहू. तू चल. तुझं काही काम पडलं तर तू यात्रेत. नाही पडलं तर मंग किन्हीराजाले घरी बस."

मी घरी बायकोला, प्रयागबाईला, सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग काही काम पाडा ना बा."

काम पाडायची संधी मंगळवारीच चालून आली.

रिसोडला शेठची मुलगी गुलाबबाई दिली होती. तिथं घरगाडीचं स्वागत, तिथंच जेवण. दादीजींचं त्या दिवशी एकासणं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, एका बैठकीत, तेही सूर्य असेतोवर. नातीच्या हातचं जेवायचं म्हणून त्या सकाळपासून उपाशी होत्या. घरगाडीतल्या चुलीची अजून पूजा झाली नव्हती, त्यामुळं तिच्यावर काही रांधायचं नव्हतं. निघायची तयारी होता होता दुपारचे बारा वाजले. फिटरनं मोटारसायकल वर घेतली आणि चार पट्टे काढले, घोड्याच्या खोगिराला असतात तसे, बकलांचे. तेवढ्यात दादीजी मागं आल्या. त्यांनी नाक वर केलं.

"हा वास कशाचा?"

कैलासचंदनं हळूच सांगितलं, पट्ट्यांचा.

"चामड्याचे?"

फिटर हसत म्हणाला की दादीजी, अस्सल चामडं आहे, वीस वर्षं तुटणार नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं आपण मालाची तारीफ करून राहिलो. दादीजी म्हणाल्या, "यात्रेच्या गाडीले जनावराचं कातडं? काढ." बस, एवढंच. पट्टे निघाले, फिटरनं खांद्यावर टाकले आणि तो चेहरा पाडून गेला. कैलासचंद म्हणाला साखळी लावू. मग त्यालाच वाटलं की साखळीनं रंग खरवडेल. शेठ घड्याळाकडं पाहू लागला. आणि मी पुढं झालो.

माझ्याकडं बत्तीस हात अंबाडीचा दोर होता. मीच वळलेला. अंबाडी कापायची, सडवायची, सोलायची, वळायची, सगळं मीच. मी मोटारसायकलला असं बांधलं, असं बांधलं की तिचा रंग दिसेना. पुढचं चाक, मागचं चाक, हँडल, टाकी. एक फेरा फळीखालून, एक वरून. फळी चुकून खाली यायला नको म्हणून तिच्या हँडललाही दोन वेढे दिले. दोर एकच, गाठ एकच, शेवटी त्यात दांडकं घालून पीळ. बाळंतिणीनं पहिलं पोरगं थंडीत गुंडाळावं तशी राजदूत दिसत होती.

कैलासचंदनं विचारलं, "जानराव, हे सुटेल कसं?"

"सुटायसाठी बांधतात काय भाऊ?" मी म्हटलं.

मग मी गाडीला एक फेरी मारली. मागं एवढं वजन म्हटल्यावर गाडी उलार होणार हे उघड होतं. छकड्यात मागं भार जास्त झाला की पुढचं जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसतो. घरगाडीला बैल नव्हते, पण नियम तो नियम. मी शेठला समजावून सांगितलं की कोणीतरी जड माणसानं पुढं बसलं पाहिजे. सगळ्यांनी शेठकडं पाहिलं. शेठ सव्वादोन मणांचा. पलंग सोडून तो ड्रायव्हर सोमलाच्या शेजारी जाऊन बसला. तरी मला भार कमी वाटला, म्हणून त्याच्या मांडीवर पाण्यानं भरलेली पितळी घागर दिली. सोमला तोंड वळवून हसत होता. मी मनात म्हटलं, हस बेट्या, तुला काय कळते ओझ्यातलं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं गाडी लादली की एक माणूस ओझ्यावर बसतो. कडबा असो, कापूस असो, वर माणूस पाहिजेच. कुठं सरकलं, कुठं ढिलं झालं, ते त्याला बुडाखाली कळतं. गाडी लादून ओझं एकटं सोडणारा गाडीवान मी पाहिला नाही. म्हणून मी फळीवर चढलो आणि मोटारसायकलवर बसलो.

कैलासचंद म्हणाला, आत बस ना. मी म्हटलं, ओझ्याला माणूस लागते. खाली तो उभाच होता, तर त्याला म्हटलं, दे अजून दोन पीळ. त्यानं दिले. चांगले कचकचून दिले. माझ्या धोतराचा सोगा त्या पिळात गेला हे त्यालाही दिसलं नाही आणि मलाही कळलं नाही.

निघालो.

मोटारसायकल गाडीच्या पाठीला आडवी. म्हणजे घरगाडी रिसोडकडं तोंड करून आणि मी शेतांकडं तोंड करून. रस्ता माझ्या डाव्या कुशीतून पळत होता. धुळीनं घरगाडी मागून दिसेनाशी झाली होती, त्यामुळं बाजूच्या शेतातल्या लोकांना दिसत होतं ते एवढंच की धुळीच्या ढगातून एक पागोटेवाला माणूस मोटारसायकलवर बसून खेकड्यासारखा आडवा चालला आहे. निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून उभ्या राहिल्या. एक म्हातारा हात जोडून उभा होता. त्यानं काय समजून जोडले देव जाणे.

एका चढावर घरगाडी हळू झाली. तिथं आमच्या किन्हीराजाचा बबनराव सायकलवर भेटला. पाहुण्याकडं चालला होता. त्यानं मला पाहिलं, सायकल रेटत माझ्या बरोबरीनं आला.

"जानराव? गाडी घेतली का बा?"

इथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तुम्ही असता तर तुम्हीही म्हटलं नसतं.

"हं," मी म्हटलं.

"पण आडवा काहून चालून राह्यला?"

"नवी हाय. शिकून राह्यलो."

बबनराव विचारात पडला. त्याच्या पुढच्या चाकाची मला काळजी वाटली, ते माझ्या पायाकडं येत होतं. त्याला बाजूला करावं म्हणून मी हँडलवरचं बटण दाबलं. चावी कैलासचंदनं लावूनच ठेवली होती. काय आवाज आला म्हणता! बबनराव सायकलसकट बोरीत गेला. आणि मला त्या बटणाची चटक लागली.

त्यानंतर जो दिसेल त्याला मी हॉर्न दिला. माणसांना दिला, म्हशींना दिला, एका पिंपळाला दिला. शिरपूर मागं टाकलं. पुढं रस्त्याच्या कडेनं देवला चालला होता, हातात कासरे आणि मागं जू घातलेले खैऱ्या आणि सारजा, उद्याच्या बाजारासाठी. पहाटेच निघाला होता. देवलानं माझ्याकडं पाहून तोंडाचा आ केला. खैऱ्यानं मान वर केली आणि हंबरला. मला तिकडं पाहवेना. पण मी आडवाच बसलो होतो, तोंड वळवायला जागा कुठं? मग मी डोळे मिटले आणि बटण दाबून धरलं. चांगला अर्धा मैल दाबून धरलं.

आता पुढं ड्रायव्हरच्या कोठड्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सोमलाला चढापासूनच मागून हॉर्न ऐकू येत होता. मोटारसायकलचा. कोणाला तरी पुढं जायचं आहे. त्यानं आरशात पाहिलं, कोणी नाही, नुसती धूळ. मी तर त्याच्या पाठीलाच चिकटलो होतो, आरशात येणार कसा? त्यानं हात बाहेर काढून जा म्हटलं. कोणी गेलं नाही. हॉर्न चालूच. त्यानं साईड दिली. कोणी गेलं नाही. शेठ घागर सांभाळत म्हणाला, "अरे दे ना साईड. डाक्टर असंल कोणी, घाईत असंल." सोमलानं अजून साईड दिली. मग शेवटचा तो अर्धा मैलाचा हॉर्न आला. शेठ घाबरला, म्हणाला नक्कीच कोणी मरायला टेकलं आहे, पूर्ण साईड दे. सोमलानं पूर्ण साईड दिली.

तिथं एका मळ्यातलं पाणी रस्त्याच्या कडेला उतरलं होतं. काळी माती, लोण्यासारखी. डावी दोन्ही चाकं खाली गेली, घरगाडी कलली, आतून भांडी पडल्याचा आवाज आला, आणि आम्ही थांबलो. मी डोळे उघडले तर समोर ज्वारी.

शेठ उतरला, त्याचं धोतर कमरेपासून खाली ओलं. घागर त्याच्याच अंगावर रिकामी झाली होती. कैलासचंद उतरला. सोमला धावत मागं आला, रस्ता पाहिला, दूरपर्यंत कोणी नाही. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडं पाहिलं, तो अजून बटणावर होता. सोमला समजूतदार माणूस. तो एवढंच म्हणाला, "तू होय?"

मी अंगठा काढला.

रिसोड दोन कोस राहिलं होतं. अडीच वाजले होते. कैलासचंदला उलट आनंद झाला. अशाच वेळेसाठी तर मोटारसायकल आहे, तो म्हणाला, मी दहा मिनिटांत रिसोडला जातो आणि ट्रॅक्टर घेऊन येतो. जानराव, सोड.

मी उतरायला गेलो तर उतरता येईना.

आधी वाटलं पाय आखडला. मग कळलं की सोगा पिळात आहे. म्हणजे मोटारसायकल सोडल्याशिवाय मी सुटत नाही, आणि मी सुटल्याशिवाय नीट वाकता येत नाही. फळी खाली घ्यावी म्हटलं तर तिच्या हँडललाही माझेच वेढे. कैलासचंद पुढं आला तर मी त्याला अडवलं. माझ्या गाठीला दुसऱ्यानं हात लावला तर मग माझं काम काय राहिलं? शेठ बघत होता. त्याच्या ओल्या धोतरासकट बघत होता.

मी दांडकं धरलं आणि सोडायच्या दिशेनं, म्हणजे आपल्याकडं, ओढलं. वीस वर्षं असाच पीळ सोडत आलो. दांडकं फिरलं. दोर करकरला. अजून एक फेरा दिला. मोटारसायकलीची स्प्रिंग दबली. अजून एक. आता सोग्याबरोबर कासोटाही ओढला जाऊ लागला. मी म्हटलं, शेवटच्या फेऱ्याला असं घट्ट वाटतंच. अजून एक दिला.

पाऊण तास मी पीळ सोडत होतो. कैलासचंद म्हणाला कापू का? मी म्हटलं, कापायचा असेल तर मला कापा. दोर कापला म्हणजे माझी यात्रा संपली, हे मला दिसत होतं. शेठ म्हणाला पायी गेला असता तर कैलास एव्हाना पोचत आला असता. कैलासचंद म्हणाला, जातो मग. शेठ म्हणाला, आता कशाला, हाताशी मोटारसायकल असताना पायी कोण जाते. असं करत अजून अर्धा तास गेला. दुपारची एसटी आधीच होऊन गेली होती. सूर्य ज्वारीच्या कणसांकडं उतरू लागला.

तेव्हा कैलासचंदला वेगळीच कल्पना सुचली. त्यानं खिडकीपाशी जाऊन दादीजींना सांगितलं की मोटारसायकल सुटली की तुम्हाला मागं बसवून नेतो, दिवस मावळायच्या आत जेवण होईल. आतून दादीजींचा आवाज आला, "आधी त्याले उतरवून दाखव. मंग मले चढव."

पण त्या आवाजात जोर कमी होता. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. आज दिवस मावळला तर उद्या सकाळपर्यंत काही नाही. शेठ खिडकीखाली जाऊन उभा राहिला. एक म्हातारी बाई माझ्या गाठीपायी उपाशी राहणार होती.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. देवला आला. दुपारची भाकरी खाऊन, बैलांना पाणी पाजून, मजेत चालत आला होता. त्यानं कललेली घरगाडी पाहिली, मला पाहिलं आणि शेठला विचारलं की जोडी लावून पाहायची का?

शेठनं सोमलाकडं पाहिलं. सोमला म्हणाला, मागून मशीन मी लावतो, पुढून बैल ओढतील तर निघेल. फक्त लांब मजबूत दोर पाहिजे. देवलाजवळ कासरे होते, ते बोटाएवढे. सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. त्या दोन कोसांच्या परिसरात मजबूत दोर एकच होता आणि मी त्याच्यात होतो.

मी मान खाली घातली. म्हटलं, "कापा बा आता."

कैलासचंद विळी आणायला आत गेला. विळीबरोबर दादीजी बाहेर आल्या. काठी टेकत मागं आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि थोडा वेळ माझे हात पाहत राहिल्या. मी अजून दांडकं ओढतच होतो, सवय कुठं जाते.

"जानराव," त्या म्हणाल्या, "तू रोज खाली उभा राहून सोडतं ना?"

"हो दादीजी."

"आज वर बसला. उलटा फिरव."

मी दांडकं सोडून त्यांच्याकडं पाहिलं. मग दांडक्याकडं. खाली उभं राहून आपल्याकडं ओढलं की पीळ सुटतो. पण आज मी दांडक्याच्या पलीकडच्या अंगाला बसलो होतो. सव्वा तास मी गाठ सोडत नव्हतो, आवळत होतो!

मी दांडकं उलटं एकदाच ढकललं. पुढचं मला करावं लागलं नाही. दांडकं हातातून सुटलं आणि भिंगरीसारखं फिरलं. दोर सापासारखा सरसरत उलगडत गेला, हँडलवरून, टाकीवरून, फळीखालून, आणि जाताना माझं धोतर बरोबर चिखलात घेऊन गेला. पूर्ण नऊ हात. मी मोटारसायकलीच्या आड बसलो. दादीजी तोंड फिरवून घरगाडीत गेल्या, आणि खिडकीतून एक पडदा खाली आला. गुलाबी फुलांचा.

तो मी नेसलो.

दोर घरगाडीच्या पुढच्या आकड्याला लावला. फळी खाली घेऊन मोटारसायकल उतरवली. शेठ आधीच उतरला होता, त्यामुळं गाडी निम्मी हलकी होतीच. दादीजी मात्र आतच बसल्या, म्हणाल्या माझं वजन कितीसं. बैल जुंपले. मी पुढं गेलो तर खैऱ्या बिचकला. फुलांचा पडदा त्यानं कधी पाहिला नव्हता. सारजानं तर शिंग रोखलं. मी म्हटलं, "अरे मी हाय ना बापा." बस, दोघांचे कान हलले. मग मी नेहमीसारखी त्यांच्या पाठीवर थाप दिली, तोंडानं चकचक केलं. मागं सोमलानं मशीन डरकवलं. खैऱ्यानं गुडघे टेकले. तो असाच आहे, भार आला की आधी वाकतो, मग उठतो. उठला. दोर ताणला, वाजला, पण अंबाडी माझ्या हातची होती. चिखलातून गाडीची चाकं अशी निघाली, जसा म्हशीचा पाय गाळातून निघतो, चपाक करून.

कैलासचंद मोटारसायकल घेऊन पुढं रिसोडला निरोप द्यायला पळाला. दहा मिनिटांत पोचला असं तो आजही सांगतो. मी घरगाडीत आत बसलो, पहिल्यांदाच, पडदा सावरत. शेठ दादीजींच्या पलंगाच्या पायथ्याशी बसला होता आणि दर दोन मिनिटांनी खिडकीतून मावळतीकडं पाहत होता.

सूर्य हातभर वर होता तेव्हा आम्ही गुलाबबाईच्या दारात पोचलो. ताट वाढून तयार होतं. दादीजी थेट पाटावर बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला आणि शेठनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मी अंगणात उभा, फुलं नेसून. गुलाबबाईच्या जावा येऊन येऊन पाहून जात होत्या.

जेवण झाल्यावर दादीजींनी हात धुतले आणि शेठला बोलावलं. मीही ऐकेल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "पन्नालाल, बैल विकायचे नाहीत."

शेठ म्हणाला, "पण मा, आता गाडी हाय ना घरी."

"गाडी हाय म्हणून तर. ही गाडी जिथं जाईल तिथं बैल पाहिजेत. आणि हा पाहिजे." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "फक्त याले मागं बसवू नको. पुढं ठेव. डोळ्यासमोर."

शेठनं आईपुढं कधी वाद घातला नव्हता. अंधार पडताना देवला मागून पोचला, तसं त्याला जोडी मालेगावला परत न्यायला सांगितलं. मी पडद्याच्या कोपऱ्यानं डोळे पुसले, पण ते कोणाला दिसलं नसावं.

तर अशी माझी नोकरी राहिली. महिन्याभरानं शिरपूरच्या देवाचा उत्सव आला आणि घरगाडीची पहिली खरी यात्रा निघाली. मालेगावात लोकांनी दोन्ही बाजूंनी गर्दी केली होती. सगळ्यांत पुढं मी, खैऱ्या, सारजा आणि छकडं. आमच्या मागं घरगाडी, बैलांच्या चालीनं. दादीजींचा हुकूम होता की जानराव नजरेआड जाता कामा नये. सोमला बिचारा सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये चालवत होता आणि मी वळून पाहिलं की तोंड वळवत होता. सहा कोसांचा रस्ता. पहाटे निघालो आणि शिरपूरच्या वेशीवर पोचलो तेव्हा मालेगावहून आमच्यानंतर पायी निघालेली मंडळी दर्शन घेऊन, जेवून, परत येत होती.